नागपुरातील कर्करोग तपासणी

कसलीही तक्रार नसलेल्या माणसात कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था हुडकण्यासाठी ठरावीक काळाने केलेली तपासणी. गाठ लागली, रक्त गेलं म्हणून करतात ते निदान. बोलण्यात दोन्हींना 'कॅन्सरची तपासणी'च म्हणतात. त्यामुळे 'मला काय झालंय?' हा प्रश्न आशाताईंना दारोदार ऐकावा लागतो.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ३० ते ६५ वयोगटात दर ५ वर्षांनी मुखाची आणि स्त्रियांमध्ये त्याशिवाय स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी व्हायला हवी. प्रत्यक्षात २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या फक्त १.९ टक्के निघाल्या. स्तन आणि मुखाच्या बाबतीत हे प्रमाण प्रत्येकी ०.९ टक्के होते.

नागपुरात पहिलं लक्ष तोंडाकडेच हवं. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा इथल्या पानठेल्यांवर दिवसभर विकला जातो. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी असली तरी खर्ऱ्याची सवय सुटलेली नाही. 'मी फक्त सुपारी खातो' हे समाधानही खोटं आहे, कारण सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. तिच्यामुळे गालाची आतली त्वचा ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमधून आत जात नसतील, तर दंतवैद्याकडे जायला उशीर करू नये.

तोंडाच्या तपासणीला यंत्र लागत नाही, म्हणून ती उरकण्याचा मोह होतो. 'आ करा' म्हणत टॉर्च फिरवला की झालं, असं नाही. आधी चूळ भरायला लावायची, गाल बोटाने बाहेर ओढून खर्रा धरतात ती खोबण बघायची, जीभ कापसाच्या फडक्यात धरून दोन्ही कडा आणि खालची बाजू तपासायची, शेवटी मान चाचपायची. पुसून न निघणारा पांढरा चट्टा, लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम यांतलं काहीही दिसलं तर पुढे पाठवायचं. केरळातल्या मोठ्या अभ्यासात अशा साध्या नजर-तपासणीने तंबाखू वा दारूचं सेवन करणाऱ्यांमधले मुखकर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले.

गर्भाशयमुखासाठी सरकारी केंद्रांत सौम्य ॲसेटिक आम्ल लावून मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का ते बघतात. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हीच पद्धत वापरून या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी केले. निकाल बघणाऱ्याच्या नजरेवर असल्याने उजेड आणि उजळणी प्रशिक्षण यांत कसूर चालत नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या अभ्यासात एचपीव्ही, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, चाचणी एकदाच केल्याने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. या चाचणीचा नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो. पडद्याविना खाटेवर झोपायला लाजून परत जाणाऱ्या बायकांना याहून सोपी वाट नाही.

नागपुरात कर्करोगाची नोंदवही १९८० पासून ठेवली जाते. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), शासकीय दंत महाविद्यालय, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, एम्स, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था अशी मोठी नावं शहरात आणि लगत आहेत. अडतं ते भिवापूर, कुही, नरखेड या जिल्ह्यातल्या तालुक्यांकडून तिथवर पोचताना. कापूस वेचणीच्या दिवसांत शिबिर ठेवलं तर मजुरी बुडवून कोणी येत नाही. संध्याकाळी, वस्तीतच, बाई तपासनीस असेल तर येतात.

शिबिराच्या यशाची बातमी 'इतक्या जणांची तपासणी' अशी छापून येते. खरं मोजायचं ते संशयित निघालेल्यांपैकी किती जण संशयित जागेचा तुकडा काढून तपासून घ्यायला (बायॉप्सी) पोचले, किती दिवसांत अहवाल हाती आला आणि उपचार सुरू झाले का. हातात नुसती चिठ्ठी दिलेला माणूस मेडिकलच्या ओपीडीतली रांग बघून माघारी फिरतो. सोबत आशाताई असेल, तारीख आधी ठरलेली असेल आणि न आल्यास आठवड्यात फोन जाईल, तर बराच फरक पडतो. म्हणून उपकेंद्राच्या वहीत 'तपासले' या रकान्याशेजारी 'पोचले' हा रकाना हवा.