मामांची हँगवही

पार्ल्याच्या मामांचा कॉम्प्युटर जुलैत सारखा बंद पडायला लागला, तेव्हा दुरुस्तीवाल्या मुलाने तो दोनदा फॉरमॅट मारला. दोन्ही वेळा आठवडाभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. "गरम होतोय, काका, नवीनच घ्या आता," असं सांगून तो गेला आणि मामांनी मला फोन केला.

मामा मोटरमन म्हणून निवृत्त झाले. गाडी कुठे, किती वाजता, किती मिनिटं थांबली हे कागदावर उतरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यामुळे मी गेलो तेव्हा कॉम्प्युटरशेजारी एक दोनशेपानी वही होती. तारीख, वेळ आणि शेवटी एकच शब्द: 'अंधार' किंवा 'निळा'.

या वहीनेच अर्धं काम केलं. आपण सगळ्यालाच 'हँग झाला' म्हणतो, पण त्यात वेगवेगळी दुखणी असतात. पडदा एकदम काळा होऊन मशीन पुन्हा सुरू झालं, तर बहुधा वीज तुटलेली असते किंवा प्रोसेसरने अति तापून स्वतःला बंद केलेलं असतं. निळा पडदा म्हणजे विंडोजने काहीतरी अशक्य वाचलं आणि डेटा बिघडू नये म्हणून जाणूनबुजून काम थांबवलं. चित्र तसंच राहिलं, माऊस हलतोय पण फाईल उघडत नाही, असं असेल तर आधी हार्ड डिस्ककडे बघावं. खराब झालेला भाग ती पुन्हा पुन्हा वाचत बसते आणि बाकी सगळे तिच्यासाठी खोळंबतात. मामांची डिस्क ठणठणीत होती.

'अंधार'च्या नोंदी एकाखाली एक वाचल्या. ६.१०, ६.१२, ६.०९, ६.१२. सगळ्या पहाटेच्या. मामा साडेपाचला उठून बुद्धिबळ खेळायला बसतात. आता, पावसाळी पहाटे, अर्ध्या तासापूर्वी सुरू केलेलं मशीन तापेल कसं? तापमान पाहिलं तर प्रोसेसर ४८ अंशांवर. विंडोजच्या नोंदवहीतही त्याच वेळांना 'इव्हेंट ४१' होता, पण तो एवढंच सांगतो की मशीन नीट बंद न होता गेलं. कशामुळे ते नाही.

उत्तर मामींनी स्वयंपाकघरातून दिलं. "सहाला पाणी येतं ना, मग पंप लावतो वॉचमन. दिवा लुकलुकतो तेव्हा."

मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. इमारतीची वायरिंग जुनी असेल तर तेवढ्यापुरतं घराघरातलं व्होल्टेज खाली बसतं. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यातला वीजपुरवठा, असा झोल पचवायलाच बांधलेला असतो. त्याच्यातला मोठा कपॅसिटर वीज साठवून ठेवतो आणि पुरवठा तुटला तरी साधारण १६ मिलिसेकंद गाडा ओढतो. आपल्याकडच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे हा साठा जेमतेम डोळे मिटून उघडण्याच्याही आतला.

मग आधीची आठ वर्षं हाच पंप का नडला नाही? कारण या कपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि तो हळूहळू सुकतो. त्यावर लिहिलेलं असतं '१०५ अंश', आणि साध्या प्रकाराचं आयुष्य त्या तापमानाला २००० तासांच्या आसपास. तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट, हा ढोबळ नियम. ६५ अंशांना ३२,००० तास. रोज दहा तास वापर धरला तर पावणेनऊ वर्षं. मामांचा कॉम्प्युटर नऊ वर्षांचा. धुळीने पंखा तुंबून आत ७५ अंश राहत असतील तर हाच हिशेब साडेचारच्याही खाली येतो. म्हणजे दुरुस्तीवाला अगदीच चुकला नव्हता. उष्णतेने त्या पहाटे काही केलं नव्हतं, पण आधीची सगळी वर्षं ती कपॅसिटर सुकवत होती.

मी माझा एसएमपीएस आठवडाभर तिथे लावला. 'अंधार' थांबला. मग लॅमिंग्टन रोडवरून नवा आणला. जुना उघडून बघायचा मोह टाळला, तुम्हीही टाळा: प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट राहू शकतात. यूपीएसने काम झालं असतं का? झालं असतं. पण 'मुंबईत वीज जात नाही' हा अभिमान मामांनी कधी सोडला नाही.

राहिला 'निळा'. त्याला वेळ नव्हती, पण मामांनी समासात पाऊसही लिहिला होता, आणि निळे सगळे संततधारेच्या दिवसांचे. रात्रभर रॅमची, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मृतीची, चाचणी लावली, चुका निघाल्या. दोन पट्ट्या एकेक करून तपासल्या, तर एकच दोषी. तिच्या कडेच्या सोनेरी टोकांवर काळपट थर होता.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तेच इथे. समुद्राजवळच्या धुळीत मीठ असतं आणि हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की ते ओलावा ओढून विरघळतं. सोन्याचा मुलामा मायक्रॉनपेक्षाही पातळ. त्यातल्या बारीक छिद्रांतून खारट ओल खालच्या धातूला गंजवते. संपर्क क्षणभर डळमळतो, शून्याच्या जागी एक वाचला जातो. असा एक शून्य किंवा एक म्हणजे एक बिट. सर्व्हरच्या रॅममध्ये दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट अशा चुका पकडायला पहारा देतात, घरच्या रॅममध्ये सहसा असा पहारेकरी नसतो.

दुकानदार खोडरबर घासतात. काम होतं, पण मुलामाही झिजतो. मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड वापरलं, पट्टी परत बसवली, चाचणी स्वच्छ आली. आता हे पुसल्याने झालं की नुसतं काढून घातल्याने, हे मला वेगळं करता आलेलं नाही. खोबणीतही तीच खारट धूळ असणार.

मामांनी वहीत नवा रकाना आखलाय. कालची नोंद: "६.११. पंप. दिवा लुकलुकला. डाव चालू." निळ्याच्या रकान्यावर मात्र त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवलंय, "पुढचा जुलै".