टाइप सिग्नेचर आणि फंक्शनचे डॉक्युमेंटेशन

फंक्शन कोणत्या प्रकारची मूल्ये घेते आणि कोणत्या प्रकारचे मूल्य परत देते, हे सांगणाऱ्या ओळीला टाइप सिग्नेचर म्हणतात. हॅस्केल, ओकॅमल, रस्ट अशा कडक टाइप प्रणालीच्या प्रोग्रॅमिंग भाषांत ही एक ओळच इतके काही सांगते की, एरवी डॉक्युमेंटेशनमध्ये लिहावा लागणारा बराच मजकूर गळून पडतो. कोड बदलला तरी वरची कॉमेंट जुनीच राहू शकते. सिग्नेचरचा कोडशी मेळ बसला नाही, तर मात्र प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही.

सी भाषेतील ‘स्ट्रडप’ आणि ‘गेटएन्व्ह’ ही फंक्शने पाहण्यासारखी आहेत. पहिले स्ट्रिंगची (मजकुराची) नवी प्रत करून देते, दुसरे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचे, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंगचे, मूल्य देते. सिग्नेचर दोघांची सारखीच: कॅरेक्टर पॉइंटर (मेमरीत अक्षरे जिथे आहेत त्या जागेचा पत्ता) घ्यायचा, कॅरेक्टर पॉइंटर द्यायचा. पण पहिल्याने दिलेली मेमरी काम झाल्यावर फ्री करावी लागते. दुसऱ्याच्या मेमरीला तसा हात लावायचा नसतो. शिवाय दोन्ही फंक्शने नल, म्हणजे ‘काहीच नाही’ असे मूल्य, परत देऊ शकतात. हे सारे मॅन पेजवर (फंक्शनच्या माहितीपानावर) लिहिलेले असते, पण ते न वाचता कोड लिहिला तर कंपायलर सहसा अडवत नाही. रस्टमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचणारे ‘व्हार’ फंक्शन ‘रिझल्ट’ परत देते: मिळाली तर वापरणाऱ्याच्या मालकीची स्ट्रिंग, नाहीतर चूक. ती चूकही दोनच प्रकारची असू शकते: व्हेरिएबल नाही, किंवा त्यातला मजकूर वैध युनिकोड नाही. मेमरी कोणाची आणि फसले तर काय, ही दोन्ही उत्तरे टाइपमध्येच मिळतात.

नल संदर्भाची कल्पना संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू भाषेसाठी आणली. २००९ मधील एका व्याख्यानात त्यांनी स्वतःच तिला अब्ज डॉलरची चूक म्हटले. ‘मूल्य नसू शकते’ हे सांगणारा वेगळा टाइप (हॅस्केलमध्ये ‘मेबी’, रस्टमध्ये ‘ऑप्शन’) हा त्यावरचा उपाय. जावामध्ये २०१४ साली आठव्या आवृत्तीत ‘ऑप्शनल’ आला. पण त्या भाषेत नल कायम असल्याने त्याचे आश्वासन अर्धेच आहे.

जेनेरिक, म्हणजे कोणत्याही टाइपला चालणारी, सिग्नेचर याहून पुढे जाते. जॉन रेनॉल्ड्स यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या पॅरामेट्रिसिटीच्या सिद्धांतावरून फिलिप वॉडलर यांनी १९८९ मध्ये दाखवले की, केवळ टाइपवरून फंक्शनबद्दलची प्रमेये काढता येतात. कोणत्याही ‘अ’ची यादी घेऊन ‘अ’चीच यादी देणारे फंक्शन घटकांचा क्रम बदलू शकते, काही गाळू शकते, काही पुन्हा घेऊ शकते; नवा घटक मात्र निर्माण करू शकत नाही. हॅस्केलसाठीचे ‘हूगल’ हे शोधयंत्र यामुळेच उपयोगी पडते. फंक्शनचे नाव माहीत नसले तरी हवा तो टाइप लिहून त्यात शोध घेता येतो.

तरीही ‘सिग्नेचर हेच डॉक्युमेंटेशन’ हा काही प्रोग्रॅमरांचा दावा जरा आगाऊच आहे. यादी उलटी करणे आणि तिचा पहिला घटक काढून टाकणे यांचा टाइप एकच असू शकतो. रस्टच्या स्लाइसवरील (सलग घटकांच्या मालिकेवरील) ‘बायनरी सर्च’ हे शोध घेणारे फंक्शन तर चांगलेच कोड्यात टाकते: त्याच्या ‘रिझल्ट’मध्ये यश आले तरी पूर्णांक, अपयश आले तरी पूर्णांक. पहिला पूर्णांक सापडलेल्या घटकाची जागा आहे, तर दुसरा तो घटक क्रम न बिघडवता कुठे घालता येईल ती जागा. स्लाइस आधी क्रमवार लावलेला असावा, ही अटही टाइपमध्ये नाही. दोन्ही गोष्टी शब्दांतच सांगाव्या लागतात. वेळेचा खर्च आणि पॅनिक (चुकीमुळे प्रोग्रॅम अचानक थांबणे) कधी होईल हेही तसेच. म्हणूनच रस्टच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ‘पॅनिक्स’ हे स्वतंत्र शीर्षक देण्याचा संकेत आहे. इड्रिससारख्या डिपेंडंट टाइपच्या, म्हणजे टाइप मूल्यांवर अवलंबून ठेवता येणाऱ्या, भाषांत यादीची लांबी, अगदी क्रमही टाइपमध्ये मांडता येतो. पण मग टाइप इतका बोजड होतो की तोच समजावून सांगायला परिच्छेद लागतो.

जावास्क्रिप्टमध्ये जेएसडॉक या डॉक्युमेंटेशन-पद्धतीच्या कॉमेंटमधील महिरपी कंसांत लिहायचे टाइप २०१२ मध्ये आलेल्या टाइपस्क्रिप्टमध्ये थेट कोडमध्ये आले. कॉमेंटमध्ये उरले ते वर्णन. पायथनमध्ये ३.५ आवृत्तीपासून (२०१५) टाइप हिंट लिहिता येतात, पण प्रोग्रॅम चालवताना इंटरप्रिटर त्या तपासत नाही. मायपायसारखे टाइप तपासणारे साधन सोबत चालवले नाही, तर त्या हिंटही कॉमेंटसारख्याच शिळ्या होतात.