कूटबद्ध बॅकअपमधून फायलींची पुनर्प्राप्ती

पासवर्ड घालून कुलूपबंद केलेल्या राखीव प्रतीतून छायाचित्रे, पत्रे, हिशेब आदी खाजगी फायली पुन्हा वाचता येतील अशा रूपात मिळवण्याची प्रक्रिया. २००१ मध्ये अमेरिकेत प्रमाणित झालेले एईएस हे कूटलेखन थेट फोडण्याचा व्यवहार्य मार्ग ज्ञात नाही. त्यामुळे सारा प्रयत्न किल्ली परत मिळवण्याचा असतो.

बहुतेक पद्धतींत फायली एका यादृच्छिक मुख्य किल्लीने बंद होतात आणि ती किल्ली पासवर्डपासून साधलेल्या दुसऱ्या किल्लीने बंद करून शीर्षभागात ठेवतात. लिनक्सवरील लक्स पद्धतीत हा शीर्षभाग डिस्कच्या आरंभी असतो. तो पुसला गेला व त्याची वेगळी प्रत नसेल, तर अचूक पासवर्डही निरुपयोगी ठरतो. म्हणून कोणताही प्रयोग मूळ डिस्कवर न करता तिच्या हुबेहूब प्रतीवर करावा.

पासवर्डपासून किल्ली साधताना तीच गणिती क्रिया असंख्य वेळा करून अंदाज लढवणाऱ्याचा वेग मुद्दाम घटवतात. या युक्तीचे जनकत्व नेमके कोणाकडे जाते, हे ठरवणे सोपे नाही. केल्सी, श्नायर, हॉल व वॅग्नर यांच्या १९९७ च्या निबंधात तिची पद्धतशीर मांडणी आढळते. तथापि रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये वर्णिलेल्या युनिक्स या संगणक प्रणालीच्या पासवर्ड-पद्धतीतही डीईएस हे जुने कूटलेखन २५ वेळा चालवले जाई, तेही वेग घटवण्यासाठीच; तेव्हा मूळ तिथवर मागे नेणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढे याच युक्तीवर आधारलेली पीबीकेडीएफ२ (२०००) ही किल्ली साधण्याची रीत रूढ झाली. कॉलिन पर्सिव्हल यांनी २००९ मध्ये मांडलेली एसक्रिप्ट ही रीत तर टार्स्नॅप या बॅकअप सेवेसाठीच घडली. तीत वेळेबरोबर स्मृतीचाही खर्च वाढवला आहे. आयफोनच्या संगणकावरील बॅकअपमध्ये आयओएस १०.२ पासून सुमारे १ कोटी आवर्तने होतात. त्यामुळे पासवर्डचा काही भाग आठवत असेल, तरच अंदाजांना अर्थ उरतो. दिवंगत व्यक्तीची छायाचित्रे शोधणाऱ्या कुटुंबाला हे कठोर वाटेल, पण त्यांना खोटी आशा दाखवू नये.

बिटलॉकर या विंडोजमधील डिस्क कूटबद्ध करण्याच्या सोयीत पासवर्डला पर्याय म्हणून ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली असते. तिच्या ८ गटांतील प्रत्येक सहा अंकी संख्येस ११ ने निःशेष भाग जातो. त्यामुळे उतरवताना झालेली चूक सहसा लगेच पकडली जाते.

कुलूप उघडल्यावरही काम उरते. आयफोनच्या बॅकअपमध्ये फायलींची नावे ४० चिन्हांच्या हॅशच्या, म्हणजे मूळ नावावरून गणिताने काढलेल्या सांकेतिक खुणेच्या, रूपात असतात. मूळ नावे व जागा मॅनिफेस्ट नावाच्या सूचीवरून जुळवाव्या लागतात.