उद्या कामावर यायचं का?

एप्रिल २०२० मध्ये ऐरोलीतल्या आमच्या इमारतीत दिवसभर बातम्यांचाच आवाज असायचा. लोकल बंद, ठाणे-बेलापूर रस्ता ओसाड. खालच्या मजल्यावरचे काका रबाळे एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला होते. सकाळी रुग्णांचे आकडे, दुपारी आकडे, झोपण्याआधी पुन्हा आकडे. अधूनमधून सुपरवायझरला फोन: "साहेब, उद्या यायचं का?" उत्तर ठरलेलं: "बघू, कळवतो." महिन्याभरात काकांची झोप उडाली, छातीत धडधडू लागलं. काकू म्हणायच्या, "अहो, बंद करा तो टीव्ही." ते म्हणायचे, "काहीतरी कळायला नको का?"

काकांची ही धडपड अगदी स्वाभाविक होती. वाईट काय ते एकदा कळलं की मेंदू तयारीला लागतो. कळतच नसेल तर तो पहाऱ्यावरून हलत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये याबद्दलचा एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ जणांना संगणकावर एक खेळ दिला. दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका. घाम आणि डोळ्यांतल्या बाहुल्यांचा आकार यांवरून ताण मोजला. झटका बसणारच हे माहीत असताना ताण कमी होता. शक्यता निम्मी-निम्मी असताना तो सर्वांत जास्त होता.

"बघू, कळवतो" म्हणजे रोजची तीच निम्मी-निम्मी शक्यता. अमेरिकेतल्या दोन दीर्घकालीन पाहण्यांचं विश्लेषण २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. नोकरी जाईल या धास्तीत सतत राहणाऱ्यांची तब्येत खालावलेली दिसली, आणि प्रत्यक्ष नोकरी गेल्याचा हिशेब वेगळा काढूनही हा परिणाम उरला. धोक्याची घंटा वाजत राहिली की कॉर्टिसॉल हे संप्रेरक रात्री उतरायचं तसं उतरत नाही आणि झोप बिघडते. दमलेल्या मेंदूला दुसऱ्या दिवशी साधी बातमीही जास्त भयानक वाटते.

मग माणूस आणखी बातम्या बघतो. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त वेळ त्याच्या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये ताणाची लक्षणं घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली होती. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्ये बातम्या दिवसातून एक-दोनदा, ठरलेल्या वेळी पाहा असं सुचवलं. सल्ला चांगलाच आहे, पण माझ्या मते अपुरा. काकांचा खरा प्रश्न कुठल्याच वाहिनीवर सुटणार नव्हता.

महासाथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं. आमच्याकडे मात्र "याला ठाण्याला पाठवा" हा टोमणा अजून चालतो, तिथल्या १९०१ पासूनच्या मनोरुग्णालयावरून. काकांनी डॉक्टरांना कित्येक दिवस फक्त ॲसिडिटीच सांगितली, त्याचं मला फार वाईट वाटतं. १४४१६ ही टेली-मानस हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तेव्हा असती तर घरबसल्या मराठीत बोलता आलं असतं.

मेअखेर सुपरवायझरचा फोन आला. "जूनभर काम नाही. एक जुलैला या, नक्की." बातमी वाईटच होती. काकूंनी वही काढली: भाडं, गॅस, किराणा, मुलीची फी. दोघं बराच वेळ बेरीज करत बसले होते. टीव्ही बंद होता.