शीर हुकली त्या रात्री

मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेला की जळगावात मुलांच्या वॉर्डात जुलाब-उलट्यांची लेकरं येऊ लागतात. माझी ताई तिथल्या एका रुग्णालयात सिस्टर आहे. अशाच एका नाइटला दीड वर्षाच्या पोराला सलाईन लावायचं होतं. अंगातलं पाणी कमी झालं की रक्ताचं आकारमान घटतं, शरीर उरलेलं रक्त हृदयाकडे, मेंदूकडे वळवतं आणि हातापायाच्या शिरा आक्रसून बसतात. दोनदा सुई हुकली. “पोऱ्याले आखो टोचशी का माय?” एवढंच त्याची आई बोलली. तिसऱ्यांदा शीर मिळाली, सकाळी पोरगं दूध मागायला लागलं. ताई मात्र घरी आली ती त्या दोन हुकलेल्या सुया मनात घेऊन. चहा समोर गार झाला. “इतकी वर्षं झाली नोकरीला, आणि मला एक शीर सापडू नये?”

असं स्वतःला झोडपत राहिलं की शरीरही धोका समोर असल्यासारखं वागतं. ठोके वाढतात, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक स्रवतं, नाइटनंतरची झोप लागत नाही.

सिस्टरांच्या या थकव्याला 1992 मध्ये कार्ला जॉइन्सन यांनी ‘करुणेचा थकवा’ म्हटलं. मला हे नाव पटत नाही, आणि त्याला कारण आहे. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या टानिया सिंगर, ओल्गा क्लिमेकी आणि सहकाऱ्यांनी काही जणांना दुःखी माणसांच्या चित्रफिती दाखवून त्यांचे मेंदू तपासले. दुसऱ्याचं दुःख जसंच्या तसं अनुभवण्याचा सराव केल्यावर त्यांना स्वतःलाच जास्त त्रास होऊ लागला. वेदनेशी निगडित इन्सुलासारखे भाग जागे झाले. मग त्याच लोकांनी करुणेचा, म्हणजे ‘याचं भलं होवो’ या भावनेचा सराव केला. तेव्हा त्रास ओसरला आणि माया, समाधान यांच्याशी जोडलेले वेगळेच भाग कामाला लागले. थकवते ती करुणा नव्हे. दुसऱ्याचं दुखणं अंगावर घेऊन त्यातच बुडणं थकवतं.

टेक्सास विद्यापीठाच्या क्रिस्टिन नेफ यांनी 2003 पासून हीच करुणा स्वतःकडे वळवण्याचा अभ्यास मांडला. स्वतःशी मायेनं बोलणं, चूक माणसाच्या हातून होतेच हे मानणं, आणि मनात जे चाललंय ते न दडपता, न फुगवता पाहणं, असे तिचे तीन भाग. यातला शेवटचा म्हणजे सजगता, माइंडफुलनेस. नवी स्टाफ रडत आली असती तर ताई तिला म्हणाली असती, “अगं, शिरा बसल्या होत्या, तू काय करणार?” हेच वाक्य तिनं स्वतःला कधी म्हटलं नव्हतं.

यासाठी डोळे मिटून अर्धा तास बसायला वॉर्डात वेळ कुठला? पण हात तर दर पेशंटमागे धुवायचेच असतात, साबणानं नीट धुवायचे तर 40 ते 60 सेकंद. तेवढा वेळ पाण्याचा गारवा, फेस, बोटांच्या बेचक्या यांवर लक्ष ठेवायचं आणि श्वास सावकाश सोडायचा. श्वास सोडताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा हृदयावरचा लगाम आवळतो, ठोके मंदावतात. मन पुन्हा मागच्या खाटेकडे धावेल. धावलं की ओढून आणायचं, रागवायचं नाही.

एक मात्र ठणकावून सांगते. एका सिस्टरवर तीन जणींचं काम टाकायचं आणि वर तिला श्वास मोजायला सांगायचं, हा अन्याय आहे. जागतिक आरोग्य संघटनेनंही 2019 मध्ये ‘बर्नआउट’ला, म्हणजे कामाच्या ताणानं पार गळून जाण्याला, कामाच्या ठिकाणाशी जोडलंय, आजारांत धरलेलं नाही. रिकाम्या जागा भरल्याच पाहिजेत. पण त्या भरेपर्यंत आजची नाइट कुणीतरी करणारच आहे, तिच्यासाठी हे लिहिलं.

परवा पुन्हा एका लेकराची शीर सापडेना. दुसरी सुई हुकल्यावर ताईनं ट्रे खाली ठेवला, नळाशी गेली, हात धुतले आणि शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरला हाक मारली, “ये गं, जरा तू बघ.” सकाळी पुढच्या पाळीच्या सिस्टरला ओव्हर देताना तिनं तेही सांगितलं: दोनदा हुकली, मदत घेतली, सलाईन चालू आहे. घरी आली, चहा गरम असतानाच प्यायली आणि दुपारपर्यंत झोपली.