ल्युसिल बॉल : फिल्मचा हट्ट आणि तीन कॅमेऱ्यांचं श्रेय

‘आय लव्ह ल्यूसी’ या जुन्या अमेरिकी विनोदी दूरचित्रवाणी मालिकेतला चॉकलेटच्या कारखान्याचा प्रसंग आज कुणीही मोबाइलवर काढून पाहू शकतं. सरकत्या पट्ट्यावरून चॉकलेटं येत राहतात, ल्यूसी (म्हणजे ल्युसिल बॉल) आणि तिची शेजारीण ती कागदात गुंडाळत राहतात, पट्ट्याचा वेग वाढतो आणि मग चॉकलेटं तोंडात, टोपीत, ब्लाउजमध्ये जातात. १५ सप्टेंबर १९५२ रोजी प्रक्षेपित झालेला हा भाग. सत्तर वर्षं उलटली तरी चित्र स्वच्छ आहे. फुगलेले गाल, डोळ्यांतली घाबरगुंडी, सगळं लख्ख दिसतं. त्याच सुमाराला न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित झालेले कितीतरी कार्यक्रम उरलेच नाहीत, आणि जे उरले ते धुरकट. हा फरक का पडला हे समजून घ्यायचं तर १९५१ च्या उन्हाळ्यात जावं लागतं. ल्युसिल बॉलच्या विनोदी चेहऱ्यावर आणि लाल केसांवर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. तिचं काम ज्या निर्णयामुळे आपल्यापर्यंत पोहोचलं, त्याच्या वाट्याला मात्र जेमतेम दोन ओळी येतात.

त्याआधीचं थोडक्यात. जन्म ६ ऑगस्ट १९११, न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाऊनचा. वडील टेलिफोनच्या तारा ओढणारे कामगार. ती साडेतीन वर्षांची असताना टायफॉइडने गेले. पंधराव्या वर्षी नाट्यशाळेत गेली, तिथून ‘हिला जमणार नाही’ म्हणून परत पाठवली गेली. मग मॉडेलिंग, मध्ये दीर्घ आजारपण, आणि १९३३ मध्ये हॉलिवुड. तिथे अठरा वर्षं ती दुय्यम चित्रपटांत राबली. ‘बी-पटांची राणी’ हे बिरुद कौतुकाचं नव्हतं. १९४० मध्ये एका संगीतपटाच्या निमित्ताने क्यूबाहून आलेला बँडवाला डेझी अर्नाझ भेटला आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला दोघांनी लग्न केलं. तो बँड घेऊन गावोगाव, ती स्टुडिओत. १९४४ मध्ये तिने घटस्फोटाचा अर्जही केला होता, मग दिलजमाई झाली.

माझ्या मते खरी सुरुवात इथे आहे. १९४८ पासून ती रेडिओवर एका विनोदी मालिकेत बायकोची भूमिका करत होती. मालिका चालली, तेव्हा वाहिनीला ती दूरचित्रवाणीवर हवी झाली. ल्युसिलने एकच अट घातली, नवऱ्याची भूमिका माझा नवराच करेल. वाहिनीच्या अधिकाऱ्यांचं म्हणणं, अमेरिकन बाईचा नवरा म्हणून परक्या उच्चारांचा क्यूबन माणूस लोक स्वीकारणार नाहीत. प्रत्यक्षात ही दोघं दहा वर्षं नवरा-बायको म्हणून नांदत होती! या आक्षेपाला ‘व्यावसायिक सावधगिरी’ म्हणण्याची रीत आहे. तो सरळसरळ वंशभेद होता आणि तसंच म्हणायला हवं. १९५० मध्ये दोघांनी स्वतःच विनोदी प्रवेश बसवले आणि शहरोशहरी प्रेक्षकांसमोर करून दाखवले. लोक हसले, तेव्हा अधिकाऱ्यांचा आवाज खाली आला. मार्च १९५१ मध्ये नमुन्याचा भाग चित्रित झाला तेव्हा ती गरोदर होती.

प्रायोजक मिळाला, एक सिगारेट कंपनी. आणि नवा पेच उभा राहिला. त्या वेळी अमेरिकेतले बहुतेक दूरचित्रवाणी संच पूर्व किनाऱ्याकडे होते. त्यामुळे कार्यक्रम न्यूयॉर्कला थेट व्हायचे. पश्चिमेकडच्या गावांना जायचं ते किनेस्कोप, म्हणजे पडद्यावर चालू असलेलं चित्र समोर फिल्म कॅमेरा लावून टिपायचं आणि त्याची प्रत पाठवायची. आपल्याकडे थिएटरात बसून मोबाइलवर चोरून घेतलेली सिनेमाची प्रत जशी दिसते, साधारण तसाच प्रकार. कॅलिफोर्नियात कार्यक्रम केला असता तर ही धुरकट प्रत न्यूयॉर्कच्या ग्राहकांना दिसली असती, आणि सिगारेटी खपवणाऱ्याला ते चालणार नव्हतं. म्हणून आदेश आला, न्यूयॉर्कला या.

दोघांना जायचं नव्हतं. १७ जुलैला मुलगी झाली, घर कॅलिफोर्नियात, आणि नवरा घरी राहावा म्हणून तर हा सगळा खटाटोप. डेझीने उपाय सुचवला. सिनेमासारखं ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित करू, म्हणजे देशभर सारखीच स्वच्छ प्रत जाईल. पण फिल्म महाग. वाढीव खर्चावर घासाघीस झाली, आणि दोघांनी आठवड्याच्या मानधनातून हजार डॉलर कमी घ्यायचं कबूल केलं. बदल्यात त्या फिल्मची मालकी त्यांच्या कंपनीकडे राहणार होती. वाहिनीने ती देऊन टाकली, कारण एकदा दाखवलेल्या कार्यक्रमाला पुढे किंमत येते असं तेव्हा कुणाला वाटतच नव्हतं.

आता ज्या श्रेयावरून गोंधळ आहे त्याकडे. ‘तीन कॅमेऱ्यांच्या पद्धतीचा शोध ल्यूसी-डेझीने लावला’ हे वाक्य इतक्यांदा छापलं गेलंय की ते खरं मानलं जातं. शोध त्यांचा नव्हे. एकापेक्षा जास्त फिल्म कॅमेरे एकाच वेळी चालवण्याचे प्रयोग आधी झाले होते. प्रेक्षकांसमोरचा एक ‘गेम शो’ असा चित्रित झाला होता, आणि तिथला जाणकार माणूसच डेझीने आपल्याकडे घेतला. डेझीच्या बाजूने बोलणारे म्हणतात, कल्पना त्याची. छायालेखकाच्या बाजूचे म्हणतात, त्याच्या प्रकाशयोजनेशिवाय काही झालंच नसतं. लेखक-निर्मात्याच्या बाजूचे तिसरंच सांगतात. घोटाळा ‘मल्टिकॅम’ या शब्दाचाही आहे. आपल्याकडच्या मराठी मालिकांच्या सेटवर हा शब्द सर्रास चालतो, तेव्हा त्याचा अर्थ सहसा असा, की कॅमेरे व्हिडिओचे, चित्र तिथल्या तिथे मॉनिटरवर दिसतं आणि हवं तसं स्विच करता येतं. ल्यूसीच्या सेटवर असं काही नव्हतं. तिन्ही कॅमेऱ्यांत फिल्म फिरायची आणि काय मिळालं ते ती धुऊन येईपर्यंत कळायचं नाही. मग तीन चित्रं आणि एक ध्वनिपट्टी एकत्र चालवणारं खास मोठं मूव्हिओला यंत्र घेऊन संकलक बसायचा. नाव एकच असलं तरी दोन्ही कामं अगदी वेगळी.

मग त्यांनी नवं काय केलं? पूर्ण कथेचा विनोदी प्रवेश, खऱ्या प्रेक्षकांसमोर, नाटकासारखा सलग, आणि तरीही सिनेमाच्या दर्जाच्या फिल्मवर, दर आठवड्याला. हा मेळ बसवणं भलतं अवघड होतं. सिनेमात प्रत्येक कोनासाठी दिवे नव्याने लावतात. जवळून चेहरा टिपायचा असेल तर प्रकाश वेगळा, लांबून टिपायचं तर वेगळा. तीन कॅमेरे एकदमच चालणार तर दिवे बदलणार कधी? जर्मन मूकपटांच्या काळापासून नावाजलेल्या आणि ऑस्कर मिळवलेल्या छायालेखकाला डेझीने गळ घातली. हे होणार नाही, हेच त्याचंही पहिलं उत्तर होतं. शेवटी त्याने दिवे वर टांगून सगळीकडे सारखा प्रकाश पाडला आणि सेटचे रंग करड्याच्या छटांत आणले. कॅमेरे चाकांच्या गाड्यांवर, ते घरंगळताना हादरू नयेत म्हणून जमीन गुळगुळीत केलेली. चित्रपटाच्या स्टुडिओत सुमारे ३०० प्रेक्षक बसवायचे म्हणून रस्त्याच्या बाजूने वेगळं दार पाडावं लागलं. ८ सप्टेंबर १९५१ ला पहिलं चित्रीकरण झालं आणि १५ ऑक्टोबरच्या सोमवारी पहिला भाग घरोघरी दिसला.

आणि या सगळ्याचा फायदा कुणाला झाला? ल्युसिलला. तिच्या अभिनयाची जात ही होती की लय तुटली की मजा गेली. औषधी टॉनिकची जाहिरात करता करता तिला चढत जाते, तो मे १९५२ चा भाग पाहावा. पहिल्या चमच्याला तोंड वेडंवाकडं, पुढच्याला जरा कमी, मग जीभ अडखळायला लागते आणि टॉनिकचं लांबलचक नाव दर वेळी नवीनच होऊन बाहेर येतं. ही चढण तुकड्या-तुकड्यांत टिपली असती तर हातची गेली असती. इथे ती सलग करते, समोरचे लोक हसतात, त्या हशासाठी ती किंचित थांबते, मग पुढचा चमचा. अठरा वर्षं सिनेमाला तिचं काय करायचं हे कळलं नाही, कारण तिला समोर माणसं हवी होती. मात्र हे उत्स्फूर्त वगैरे नव्हतं. प्रत्येक वस्तू हाताळण्याचा सराव ती कसून करायची.

फिल्मची मालकी किती मोलाची हे कळायला दुसरं बाळंतपण कारणीभूत झालं. १९५२ मध्ये ती पुन्हा गरोदर राहिली, आणि हे कथेतच आणायचं ठरलं. ‘प्रेग्नंट’ हा शब्द मात्र पडद्यावर उच्चारायचा नाही. एक कॅथलिक धर्मगुरू, एक प्रोटेस्टंट आणि एक ज्यू, तिघांकडून संहिता तपासून घेतल्या जात. भागाच्या नावातही फ्रेंच शब्द वापरून वेळ निभावली गेली. १९ जानेवारी १९५३ ला कथेतल्या ल्यूसीला मुलगा झाला, आणि त्याच दिवशी खऱ्या ल्युसिललाही. तो भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशीच्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीलाही इतके प्रेक्षक नव्हते. ती विश्रांती घेत होती तेव्हा जुने भाग पुन्हा दाखवले गेले, आणि लोकांनी ते आनंदाने पाहिले. ‘रिपीट’ला किंमत असते हे तिथे कळलं.

त्याच वर्षी सप्टेंबरात वेगळंच संकट आलं. १९३६ मध्ये तिने मतदार म्हणून कम्युनिस्ट पक्षाच्या बाजूने नोंद केल्याचं बाहेर आलं. आजोबांच्या समाधानासाठी केली होती, असं तिने चौकशी समितीला सांगितलं होतं. त्या काळात एवढ्यावरून कारकिर्दी संपत. चित्रीकरणाआधी डेझी प्रेक्षकांसमोर गेला आणि म्हणाला की हिचं लाल काय ते फक्त केस, आणि तेही खरे नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, प्रकरण निवलं.

१९५७ मध्ये अर्ध्या तासाचे भाग थांबले. जुन्या भागांचे हक्क वाहिनीनेच लाखो डॉलर मोजून विकत घेतले, हजार डॉलर वाचवायला जे वाहिनीने देऊन टाकले होते तेच. त्याच सुमाराला दोघांच्या कंपनीने एक अख्खा स्टुडिओ सुमारे ६० लाख डॉलरना घेतला. एके काळी ल्युसिल तिथेच कंत्राटावर किरकोळ भूमिका करत होती. १९६० मध्ये घटस्फोट झाला. डेझीची दारू आणि बाहेरचे संबंध यांची चर्चा भरपूर झाली आहे. १९६२ मध्ये तिने त्याचा हिस्सा विकत घेतला आणि एवढ्या मोठ्या स्टुडिओची प्रमुख झालेली पहिली बाई ठरली. ‘स्टार ट्रेक’ आणि ‘मिशन इम्पॉसिबल’ तिच्याच कारकिर्दीत सुरू झाल्या. १९६७ मध्ये तिने कंपनी विकली. १९६२ पासून तिच्या आणखी दोन मालिका एकामागून एक १९७४ पर्यंत चालल्या, दुसरीत तिची स्वतःची मुलं होती.

१९८६ मध्ये, पंचाहत्तराव्या वर्षी, ती पुन्हा मालिकेत आली. १३ भाग तयार झाले, ८ दाखवून मालिका बंद केली गेली. त्याच वर्षी २ डिसेंबरला डेझी गेला. पुढच्या काही दिवसांतच वॉशिंग्टनमध्ये तिचा राष्ट्रीय सन्मान झाला, तेव्हा त्याने आधीच लिहून ठेवलेला मजकूर तिथे वाचून दाखवला गेला. यशाचं श्रेय कसं वाटायचं असं विचारलं असता आपण सांगितलं होतं, ९० टक्के ल्यूसीला द्या आणि उरलेले १० आम्हा बाकीच्यांत वाटा, असं त्यात होतं. शेवटी ताजा कलम, ‘आय लव्ह ल्यूसी’ हे मालिकेचं नुसतं नाव कधीच नव्हतं. ल्युसिल वर सज्जात बसून ऐकत होती, डोळे भरलेले. २६ एप्रिल १९८९ रोजी ती गेली. डेझीचा तो हिशेब मला पटत नाही. फिल्मचा आग्रह धरणाऱ्याने स्वतःच्या वाट्याला फार कमी ठेवलं.