डोमेन कुठे घ्यायचं आणि होस्टिंग कुठे? एका बिलात येणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी

धंतोलीतला दवाखाना असो की गांधीबागेतलं कापडाचं दुकान, नागपुरात वेबसाइट बहुतेक एकाच रस्त्याने येते. ओळखीतला कुणीतरी साइट करून देणारा असतो, त्याचं कोटेशन व्हॉट्सॅपवर येतं आणि त्यात एक ओळ हमखास असते : ‘डोमेन + होस्टिंग, पहिलं वर्ष फ्री.’ सगळा गोंधळ त्या अधिकच्या चिन्हात आहे. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, आणि होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची जागा, हे एकच काहीतरी, अशी समजूत तिथे पक्की होते. मग ‘डोमेन कुठून घेऊ?’ असं विचारलं की उत्तर मिळतं, ‘होस्टिंग जिथे स्वस्त पडेल तिथून.’

माझं मत आधीच सांगून टाकतो. होस्टिंग कुठेही घ्या, नाही पटलं तर बदला. डोमेन मात्र स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर उघडलेल्या खात्यात आणि जमलं तर होस्टिंगच्या कंपनीपासून वेगळ्या ठिकाणी घ्या.

होस्टिंगबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ती भाड्याची जागा. साइटची पानं, फोटो, डेटाबेस कुठल्यातरी सर्व्हरवर ठेवावे लागतात. तो मुंबईत असेल नाहीतर सिंगापूरला. भाडं थकलं की साइट बंद पडते. पण बॅकअप हाताशी असेल तर दुसऱ्या कंपनीकडे ती एक-दोन दिवसांत उभी राहते आणि गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही की मागे काही बदललं.

डोमेनचं तसं नाही. डोमेन म्हणजे एका मध्यवर्ती नोंदवहीतली नोंद. डॉट कॉमची वही अमेरिकेतली व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते. डॉट इनची वही निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, या २००३ साली स्थापन झालेल्या संस्थेकडे आहे. या वह्यांत तुम्ही-आम्ही थेट जाऊन नाव लिहू शकत नाही. त्यासाठी मध्ये रजिस्ट्रार, म्हणजे नाव नोंदवून देणारी कंपनी, असतो. डॉट कॉमसारख्या नावांसाठी रजिस्ट्रारला मान्यता देते ती आयकॅन, १९९८ पासून काम करणारी ना-नफा संस्था. डॉट इनच्या रजिस्ट्रारना निक्सी मान्यता देते.

डॉट कॉमच्या बाबतीत एक बारकावा आहे, आणि रजिस्ट्रार निवडताना तोच महत्त्वाचा. व्हेरिसाइनच्या वहीत नाव, तारखा, रजिस्ट्रार कोण आणि नेमसर्व्हर (नावाचा पत्ता सांगणारे सर्व्हर) कुठले एवढंच असतं. ते नाव कुणाच्या नावावर आहे, त्याचा पत्ता, फोन आणि ईमेल काय, हे रजिस्ट्रारच्या दप्तरी राहतं. तुमचा हक्क सांगणारा कागद ज्याच्या कपाटात राहणार, तो माणूस तुम्ही निवडताय.

नागपूरकराला हे नझूलच्या, म्हणजे सरकारी जमिनीच्या, पट्ट्यावरून चटकन समजेल. प्लॉट पट्ट्याने असतो, मुदतीला नूतनीकरण करावं लागतं. वरचं घर पाडून नवं बांधा, कुणी अडवत नाही, पण व्यवहाराची वेळ आली की पहिला प्रश्न एकच : पट्टा कुणाच्या नावावर? डोमेनही असंच मुदतीवर मिळतं. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. कायमची विक्री कुणीच करत नाही, ‘लाइफटाइम डोमेन’ म्हणून विकणाऱ्याला हे जरूर विचारा.

दोन्ही गोष्टी जोडल्या जातात त्या नेमसर्व्हरच्या दोन-तीन ओळींनी. या नावाचा पत्ता कुठे विचारायचा, एवढंच त्या सांगतात. डोमेन ज्या खात्यात असेल तिथे जाऊन त्या बदलल्या की काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत, तेच नाव दुसऱ्या सर्व्हरकडे बोट दाखवायला लागतं. दोन्ही एकाच कंपनीकडे नसेल तर साइट चालत नाही, असं सांगणारे भेटतात; त्यांचं ऐकून घ्या आणि सोडून द्या. गोडॅडी, बिगरॉक, होस्टिंगर अशा नेहमीच्या कंपन्या दोन्ही विकतात, एकाच कार्टमध्ये विकतात, म्हणून गिऱ्हाइकाला आपण कशाचे पैसे देतोय ते वेगळं दिसत नाही, एवढंच.

आता त्या ‘फ्री’कडे येऊ. डॉट कॉमच्या एका वर्षासाठी प्रत्येक रजिस्ट्रारला व्हेरिसाइनला ठरावीक रक्कम द्यावीच लागते. १ सप्टेंबर २०२४ पासून ती १०.२६ डॉलर होती, म्हणजे नऊशे रुपयांच्या घरात. वर आयकॅनचं किरकोळ शुल्क आणि आपल्याकडे १८ टक्के जीएसटी. ज्याची खरेदीच एवढ्याला, तो तेच नाव ९९ रुपयांत देतो तेव्हा पहिल्या वर्षी तो तोटा सोसत असतो. वसुली दुसऱ्या वर्षापासून. म्हणून मोठ्या अक्षरातला भाव सोडा आणि ‘रिन्यूअल’ असं बारीक अक्षरात लिहिलेला आकडा शोधा. होस्टिंगसोबत फुकट मिळालेल्या नावाला बऱ्याच योजनांत आणखी एक अट चिकटलेली असते : होस्टिंग मुदतीआधी परत केलं तर परताव्यातून डोमेनची किंमत कापून घेतात. ही अट वाईट आहे असं मी म्हणत नाही, कोटेशनमध्ये ती दिसत नाही एवढंच म्हणणं आहे.

पण पैशांपेक्षा मोठी भानगड नावाची. इतवारीतल्या एका दुकानाचं उदाहरण घ्या. साइट करून देणाऱ्या पोराने डोमेन स्वतःच्या खात्यातून घेतलं, कारण त्याच्याकडे खातं तयार होतं आणि दुकानदाराला ‘ईमेल-बिमेल’च्या फंदात पडायचं नव्हतं. पैसे दुकानाने दिले, व्हॉट्सॅपवर पावतीचा स्क्रीनशॉटही आहे. दोन वर्षांनी पोरगा नोकरीसाठी पुण्याला गेला, नंबर बदलला. आता होस्टिंगचा पासवर्ड कुणाकडे नाही, ही अडचण आहेच, पण ती निभते : नवं होस्टिंग घ्या, साइट पुन्हा बनवा. डोमेनच्या खात्यात शिरायला मात्र ओटीपी त्याच्या मोबाइलवर जातो. रजिस्ट्रारला फोन केला तर तो म्हणणार, नोंदीत ज्याचं नाव तो धारक; पैसे कुणी भरले हा आमचा प्रश्न नाही. आणि नियमाने त्याचं बरोबर आहे. दुकानाच्या नावाचा ट्रेडमार्क असेल तर वाद लावता येतो, डॉट कॉमसाठी यूडीआरपी आणि डॉट इनसाठी आयएनडीआरपी या प्रक्रिया आहेत. पण यूडीआरपीत जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचापुढे जायचं तरी १५०० डॉलर शुल्क आहे. एवढ्यात इतवारीच्या त्या दुकानाची साइट दोनदा बनून होईल.

तुमचं डोमेन तुमच्या नावावर आहे की नाही, हे कसं बघायचं? आयकॅनच्या लुकअप पानावर नाव टाकलं की रजिस्ट्रार, नोंदणीची तारीख आणि मुदत दिसते. डॉट इनसाठी निक्सीचं पान आहे. पण २०१८ नंतर, युरोपातल्या गोपनीयतेच्या कायद्यामुळे, धारकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं दिसतं, त्यामुळे तिथे निकाल लागेलच असं नाही. त्याहून सोपी कसोटी तुमच्या इनबॉक्समध्ये आहे. डॉट कॉमसारख्या नावांच्या रजिस्ट्रारला मुदत संपण्याच्या साधारण महिनाभर आधी आणि पुन्हा आठवडाभर आधी ईमेल पाठवावाच लागतो, नूतनीकरण झालं नाही तर मुदत संपल्यावर पाच दिवसांत आणखी एक. शिवाय ‘तुमचे तपशील बरोबर आहेत का’ असा वर्षातून एक. साइट तीन वर्षं चालू आहे आणि यातला एकही ईमेल तुम्हाला कधी आला नाही, तर स्पॅमची पेटी एकदा उघडून बघा. तिथेही नसेल तर तो दुसऱ्याच कुणाला येतोय.

याच कारणाने खात्याला ईमेल देताना त्याच डोमेनवरचा पत्ता देऊ नका. मुदत संपली की साइटसोबत त्या नावावरचे ईमेलही थांबतात, मग ‘मुदत संपली’ हे सांगणारा ईमेल पोचणार कुठे? साधं जीमेल द्या. आणि नव्या डोमेननंतर पडताळणीचा ईमेल येतो त्यावर १५ दिवसांच्या आत क्लिक करा, नाहीतर घेतलेलं नाव निलंबित होतं. डॉट इनवर स्वतःचे खरे तपशील द्यावे लागतात, तिथे नाव लपवण्याची सेवा चालत नाही.

मुदत चुकली तर? होस्टिंगवाला काही दिवस थांबतो आणि फाइली पुसतो. डोमेनचा प्रवास लांबचा आहे. डॉट कॉमला मुदतीनंतर रजिस्ट्रारच्या मर्जीने ४५ दिवसांपर्यंत सवलत असू शकते, नाव पुसल्यावर ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ, ज्यात ते परत मिळतं पण जबर दंड भरून, आणि शेवटी ५ दिवसांनी ते कुणालाही मोकळं. सवलतीच्या काळातच नाव लिलावाला काढणारे रजिस्ट्रारही आहेत, म्हणून ४५ हा आकडा गृहीत धरू नये. विसरणं फक्त लहानांच्याच वाट्याला येतं असंही नाही. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने पासपोर्ट डॉट कॉमचं नूतनीकरण केलं नाही, हॉटमेलचं लॉगिन अडलं आणि अमेरिकेतल्या एका प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले तेव्हा गाडी पुढे सरकली.

‘ऑटो-रिन्यू चालू आहे ना, मग कशाला काळजी’ हे आपल्याकडे पूर्ण खरं नाही. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना आणि रीतसर मँडेट, म्हणजे तुमची आगाऊ परवानगी, लागतो. परदेशी रजिस्ट्रारची वसुली यात बऱ्याचदा अडकते आणि कार्ड नाकारलं गेल्याचं तुम्हाला उशिरा कळतं. म्हणून रजिस्ट्रार निवडताना मी यूपीआय चालतो का आणि तुमच्या जीएसटी क्रमांकासह बिल मिळतं का, हे बघतो. खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन हवं. आणि ट्रान्स्फरचा, म्हणजे डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवायला लागणारा, कोड सहज मिळायला हवा. मागितल्यावर पाच दिवसांत तो देणं डॉट कॉमच्या रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे, तरी कोड देण्याऐवजी आधी फोन करायला लावणारा रजिस्ट्रार मी यादीतून काढून टाकतो.

काहींना हा निवडीचा प्रश्नच नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इनवर जायला सांगितलं, त्यात नागरी सहकारी बँकाही आल्या, आणि ते नाव देणारा रजिस्ट्रार एकच : हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था. कॉलेजांची डॉट एसी डॉट इन नावं अर्नेट या संस्थेकडून मिळतात.

दोन्ही एकत्र ठेवूच नये असा माझा हट्ट नाही. काटोलकडे संत्र्याच्या बागेत राहायला खोल्या देणाऱ्याचं एक पान, चार फोटो आणि एक फोन नंबर असेल, तर दोन खाती आणि दोन बिलं सांभाळण्यापेक्षा एक बरं. फक्त ते खातं त्याच्या ईमेलवर हवं, करून देणाऱ्याच्या नको. साइटवर ऑर्डर येत असतील, दवाखान्याच्या अपॉइंटमेंट घेतल्या जात असतील, तर वेगळं ठेवा. होस्टिंगच्या कंपनीशी बिलावरून वाजलं आणि तिने खातंच गोठवलं, तर निदान नाव तरी हातात राहतं.

आधीच अडकलेले असाल तर साइट करून देणारा संपर्कात आहे तोवरच डोमेन हलवून घ्या. डॉट कॉम नव्याने घेतल्यावर किंवा नुकतंच हलवल्यावर ६० दिवस पुन्हा हलवता येत नाही. मुदतीच्या अगदी तोंडावरही हलवू नका, महिना-दीड महिना हाती ठेवा. ट्रान्स्फरला एका वर्षाचे पैसे भरावे लागतात, पण ते वर्ष उरलेल्या मुदतीत जमा होतं, वाया जात नाही. हलवण्याआधी जुन्या खात्यातल्या डीएनएसच्या (साइट आणि ईमेल कुठे न्यायचे ते सांगणाऱ्या) सगळ्या ओळींचा फोटो काढून ठेवा, विशेषतः एमएक्स लिहिलेल्या, त्या ईमेलच्या असतात. नेमसर्व्हर जुन्या रजिस्ट्रारचेच असतील तर या ओळी नव्या घरी आपोआप येत नाहीत. साइटची ओळ तेवढी नव्याने भरली की साइट उघडते, म्हणून सगळं ठीक वाटतं, आणि ईमेल बंद पडल्याचं दुसऱ्या दिवशी एखाद्या व्यापाऱ्याच्या ‘बिल पाठवलं का?’ या फोनवरून कळतं.